पायदळातला वैमानिक

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वर्धापनदिनाच्या सभेत दरवर्षी कोणी डॉक्टरीणबाई, कोणी वकीलबाई, कोणी प्राध्यापिका येऊन बोलतात. यंदा चिटणीसबाईंनी मला उभे केले आहे. मी प्राथमिक शाळेत तीस वर्षे पाढे आणि बाराखडी शिकवलेली बाई. लष्कराच्या हेलिकॉप्टरांविषयी मी काय बोलणार, असे तुम्हांला वाटले असेल, मलाही वाटले. परंतु माझा मुलगा आधी पायदळात अधिकारी होता आणि आता तो लष्कराचे हेलिकॉप्टर चालवतो. गेल्या काही वर्षांत या विषयाने माझी झोप घेतली आणि पुष्कळ शिकवलेही. जे कळले ते सांगते. त्यात माझी एक चूकही आहे, तीही सांगते.

आकाशातल्या यंत्रांची आपल्या भागाला नवलाई उरलेली नाही. बारामतीच्या धावपट्टीवरून शिकाऊ विमाने उठतात आणि भवानीनगर, लासुर्णे, जंक्शन, अंथुर्णे अशी आपल्या उसावरून घिरट्या घालतात. लहान मुलेसुद्धा आता मान वर करत नाहीत. पण आपल्या इंदापूर तालुक्याचे आणि लष्कराच्या हेलिकॉप्टरांचे नाते याहून जुने आहे. आपले वालचंदनगर ज्यांच्या नावाने वसले, त्या शेठ वालचंद हिराचंदांनी डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला 'हिंदुस्थान एअरक्राफ्ट' नावाचा विमानांचा कारखाना काढला. पुढे सरकारने तो आपल्याकडे घेतला आणि १९६४ साली त्याचेच 'हिंदुस्थान एरोनॉटिक्स' झाले. लष्कराची चेतक, चीता आणि ध्रुव ही हेलिकॉप्टरे तिथेच तयार झाली. त्याआधी त्या कारखान्याने लष्करासाठी एक छोटे टेहळणी विमान बांधले होते, त्याचे नाव होते 'कृषक'. कळंबच्या माळावर ऊस उभा करणाऱ्या माणसाच्या कारखान्यातून 'कृषक' आकाशात गेले, हे मला मुलाने सांगितले तेव्हा फार गंमत वाटली.

आता प्रश्न असा, की आपल्याकडे वायुदल असताना लष्कराला स्वतःचे वैमानिक कशाला लागतात? मी मुलाला हाच प्रश्न पहिल्यांदा विचारला होता.

त्याचे उत्तर तोफखान्यात आहे. तोफ डोंगराच्या अलीकडे असते आणि गोळा पलीकडे पडतो. तो बरोबर पडला की नाही, हे वरून पाहणारा माणूस लागतो, आणि त्या माणसाला तोफेचे गणित ठाऊक असावे लागते. म्हणून तोफखान्याच्या अधिकाऱ्यांनाच लहान विमान चालवायला शिकवण्याची पद्धत दुसऱ्या महायुद्धात रूढ झाली. आपल्याकडे ऑगस्ट १९४७ मध्ये अशी पहिली तुकडी उभी राहिली. पुढे विमाने गेली, हेलिकॉप्टरे आली. तोफेचा नेम सांगण्याबरोबर जखमींना आणणे, चौकीवर रसद पोहोचवणे, सेनापतीला रणभूमी दाखवणे ही कामेही वाढली. शेवटी १ नोव्हेंबर १९८६ रोजी लष्कराचे स्वतंत्र हवाई दल, म्हणजे 'आर्मी एव्हिएशन कोअर' स्थापन झाले. मग केवळ तोफखान्यातूनच नव्हे, तर पायदळ, रणगाडा दल, इंजिनिअर अशा निरनिराळ्या शाखांतून अधिकारी स्वेच्छेने तिकडे येऊ लागले.

इंग्रजांनीही महायुद्धात असेच केले होते. १९४२ साली त्यांनी ग्लायडर चालवणाऱ्यांची एक रेजिमेंट काढली. ग्लायडर म्हणजे इंजिन नसलेले विमान. ते सैनिकांना घेऊन शत्रूच्या मुलखात उतरायचे आणि उतरल्यावर वैमानिकाने बंदूक घेऊन इतरांबरोबर लढायचे. म्हणून त्यांनी आधी पक्का सैनिक घडवला आणि मगच त्याला उडायला शिकवले.

तेव्हा पायदळातला माणूस वैमानिक होतो यात विचित्र काही नाही. खाली काय चालते हे ज्याने पायांनी पाहिले आहे, त्याच्या हातात वरचे यंत्र द्यायचे, असा त्यामागचा विचार आहे. मला मात्र हा विचार पटायला फार दिवस लागले.

माझा मुलगा पायदळात गेला तेव्हा मी रडले नाही. आपल्या भागातून पलटणीत जाणारी मुले काही थोडी नाहीत. पहाटे रस्त्याने भरतीसाठी पळणारी पोरे आपण रोज पाहतो. पायदळाचे काम कठीण, पण आपल्याला समजणारे. चालायचे, ओझे वाहायचे, थंडीत जागायचे, आपल्या माणसांना सांभाळायचे. शेतकऱ्याच्या घरातल्या बाईला त्यातले काय समजत नाही?

२०२० च्या हिवाळ्यात तो लडाखमधल्या एका उंच चौकीवर होता. त्याच्या हाताखाली विदर्भातला एक जवान होता, विशीतला, नुकताच लग्न झालेला. एका रात्री त्याला दम लागू लागला. उंचावर हवा विरळ असते; सुमारे अठरा हजार फुटांवर हवेचा दाब समुद्राकाठच्या निम्मा राहतो. काही माणसांच्या फुप्फुसात तिथे पाणी भरते. त्यावर प्राणवायू देतात, इंजेक्शने देतात. परंतु खरा उपाय एकच, रोग्याला लवकर खाली आणणे. चालवत आणावे तर श्रमाने दुखणे वाढते. खांद्यावर आणावे तर बर्फात दोन दिवसांची वाट. हेलिकॉप्टर बोलावले. पण ढग असे बसले की दोन दिवस काहीच येईना. माझा मुलगा त्या पोराजवळ बसून होता. प्राणवायूच्या नळकांड्या मोजत होता, किती उरल्या आणि किती तास पुरतील.

तिसऱ्या दिवशी सकाळी थोडी फट पडली आणि एक चीता आले. असल्या उंचीवर वैमानिक इंजिन बंद करीत नाहीत. बंद केले आणि पुन्हा सुरू झाले नाही, तर यंत्रही गेले आणि माणसेही. पाती फिरतच होती. तेवढ्यात रोग्याला आत ठेवले, दार लावले आणि हेलिकॉप्टर दरीत उतरून दिसेनासे झाले. मुलगा म्हणाला, "आई, सगळे मिळून दोन मिनिटेही झाली नसतील." तो जवान वाचला.

सुट्टीवर घरी आल्यावर मुलाने हे सांगितले. आणि सांगून झाल्यावर म्हणाला, "मला ते काम करायचे आहे."

मी म्हणाले, "कोणते?"

तो म्हणाला, "वरून येणाऱ्याचे. खाली उभे राहून वाट पाहणे म्हणजे काय, ते मला आता ठाऊक आहे. ज्याला ते ठाऊक आहे त्याने वर जावे."

भगिनींनो, मी त्याला सरळ 'नाही' म्हटले. लष्कराला आईची परवानगी लागत नाही, हे मला माहीत होते. पण तो विचारत होता म्हणून मी नाही म्हणाले. माझे म्हणणे असे, की देवाने तुला दोन चांगले पाय दिले, पलटण तुला मानते, तुझे सुभेदारसाहेब तुला मुलासारखे बघतात. हे सगळे टाकून त्या लोखंडी टोळावर कशाला बसतोस? तो गप्प बसला. मी समजले, विषय मिटला.

मग २५ जुलै २०२२ ची सकाळ आली. तुम्हां सर्वांना आठवत असेल. बारामतीहून उडालेले एक शिकाऊ विमान आपल्या इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या शेतात पडले. त्यात बावीस वर्षांची एक मुलगी एकटीच होती. संध्याकाळी आमच्या आळीतल्या बायका पाहायला निघाल्या, त्यांच्याबरोबर मीही गेले. लांबूनच पाहिले. मोडलेले पंख, चिखल आणि भोवती गर्दी. मुलीला किरकोळ जखमा झाल्या होत्या. ती वाचली होती. परतताना आमच्या शेजारच्या जाऊबाई म्हणाल्या, "वाचली गं बाई पोर, देवाची कृपा." मी मात्र दुसरेच म्हणत होते. मी म्हणत होते, "बघा, मी नाही म्हटले ते बरोबरच केले."

त्या रात्री मी मुलाला फोन लावून हे सगळे सांगितले. तो ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, "आई, तुला एक सांगायचे आहे. मी चाचणी देऊन आलो. पास झालो."

मला फार राग आला. आठ-दहा दिवस मी त्याच्याशी नीट बोलले नाही. नंतर त्याने समजावून सांगितले, ते असे. वैमानिक होण्याची योग्यता पाहणारी जी चाचणी असते, ती माणसाला आयुष्यात एकदाच देता येते. हात, डोळा आणि बुद्धी एकाच वेळी किती जुळतात, हे त्यात यंत्रावर पाहतात. एकदा नापास झाला की तो दरवाजा कायमचा बंद. त्यानंतर डोळे, कान, हृदय, पाठीचा कणा, पायांची लांबी, सगळ्यांची वैद्यकीय तपासणी. "तुझ्या 'हो'साठी थांबलो असतो तर माझे वय निघून गेले असते," असे तो म्हणाला. ते खरे होते. पण मला न विचारता गेला हेही खरे होते. दोन्ही गोष्टी मी अजून मनात ठेवल्या आहेत.

राग ओसरल्यावर मी शिक्षकिणीसारखी त्याची परीक्षा घेतली. म्हटले, "इंजिन बंद पडले तर काय करशील?"

विमानाला पंख असतात, ते तरंगत खाली येते, एवढे मला कळत होते. पण हेलिकॉप्टरची पातीच थांबली तर ते धोंड्यासारखे पडेल, असे मला वाटे. तो म्हणाला, "जत्रेतली कागदी भिंगरी आठव. ती हातात धरून पळालो की वाऱ्याने फिरते, तिला इंजिन कुठे असते? हेलिकॉप्टर खाली येऊ लागले की खालून येणारा वारा पाती फिरवत ठेवतो. वैमानिकाने ताबडतोब पात्यांचा कोन कमी करायचा, वेग राखायचा, उतरायला मोकळी जागा हेरायची आणि जमिनीजवळ आल्यावर पात्यांत साठलेल्या गतीवर यंत्र हळू टेकवायचे. हे आम्हांला पुन्हा पुन्हा करायला लावतात."

मी विचारले, "आणि डोंगरात मोकळी जागा नसली तर?"

त्याने खोटे सांगितले नाही. म्हणाला, "मग कठीण आहे."

त्या उत्तराने माझे मन थोडे निवळले, हे ऐकून तुम्हांला आश्चर्य वाटेल. मुलगा आईला खोटा धीर देत नाही, म्हणजे तो आपल्या कामाकडे नीट बघतो आहे, असे मला वाटले.

पुढे तो नाशिकला गेला. नाशिक रोडजवळ गांधीनगरला लष्कराच्या वैमानिकांची शाळा आहे. ती २००३ साली सुरू झाली. म्हणजे देशातल्या कोणत्याही प्रांतातला लष्करी अधिकारी हेलिकॉप्टर शिकायला आपल्या महाराष्ट्रात येतो. तिथे कप्तान झालेल्या माणसालाही पुन्हा विद्यार्थी व्हावे लागते. पलटणीत शंभर माणसे ज्याचा शब्द झेलत होती, तो इथे वही घेऊन हवामान, इंजिन आणि नकाशे शिकत बसतो.

हेलिकॉप्टर शिकणे म्हणजे काय, ते त्याने मला स्वयंपाकघरातच सांगितले. डाव्या हाताशी एक दांडा. तो वर ओढला की सगळ्या पात्यांचा कोन वाढतो आणि यंत्र वर उठते. उजव्या हातात दुसरा दांडा. तो ज्या दिशेला कलवावा त्या दिशेला यंत्र जाते. पायांखाली दोन पायट्या. त्यांनी शेपटीचा लहान पंखा सांभाळायचा, नाही तर वरची पाती एकीकडे फिरतात आणि सगळे धूड उलट्या दिशेला गरगरते. आणि यांतली एक गोष्ट हलवली की बाकीच्या दोन्ही बिघडतात, त्या त्याच क्षणी सावरायच्या. मी म्हटले, "म्हणजे एका चुलीवर दूध, दुसऱ्या चुलीवर भाकरी आणि कडेवर मूल." तो हसला आणि म्हणाला, "अगदी तसेच. फक्त चूल हवेत आहे."

वर्षभराने त्याच्या छातीवर पंखांचे चिन्ह लागले. समारंभाला मी गेले होते. हेलिकॉप्टर आमच्यासमोर जागच्या जागी हवेत उभे राहिले, तेव्हा मी डोळे मिटले नाहीत एवढे सांगते.

पायदळ सोडून गेला म्हणून त्याचे पायदळ सुटले का? नाही. तो सांगतो, की आकाशातून चौकी पाहिली की त्याला आधी तिथला चढ दिसतो आणि हा चढ ओझे घेऊन चढायला किती वेळ लागेल ते कळते. चौकीवर नेलेला रॉकेलचा एक डबा म्हणजे किती रात्रींची ऊब, हे त्याला मोजता येते. फार उंचीवर चीता हेलिकॉप्टर अगदी थोडेच वजन उचलू शकते. हवाच विरळ, तर पाती कशाला धरून वर उठणार? म्हणून काय न्यायचे आणि काय ठेवायचे, हे किलो-किलोने ठरते. तो हिशेब करताना, ज्याने स्वतः वर बसून त्या डब्याची वाट पाहिली आहे त्याचा हात जरा जपून चालतो.

आता दुसरी बाजू सांगते. नाही तर माझे बोलणे नुसते कौतुक होईल. चेतक आणि चीता यांचे मूळ नमुने फ्रेंच आणि फार जुने आहेत. दोन्हींना एकच इंजिन. त्यांनी सियाचिनला १९८४ पासून आणि कारगिलला १९९९ साली जे काम केले, त्याला तोड नाही. पण त्यांचे अपघातही झाले आहेत. १ ऑक्टोबर २०१४ रोजी बरेलीला एक चीता कोसळून तीन अधिकारी गेले. त्यानंतर लष्करी अधिकाऱ्यांच्या पत्नी एकत्र आल्या. ॲडव्होकेट मीनल वाघ भोसले त्यांच्या पुढे होत्या. ही जुनी हेलिकॉप्टरे बदला, अशी मागणी घेऊन त्या तेव्हाचे संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांना भेटल्या. "आमच्या नवऱ्यांना उडवू नका" असे त्यांचे म्हणणे नव्हते. त्यांचे म्हणणे होते, त्यांच्या हाती चांगले यंत्र द्या. नवी हलकी हेलिकॉप्टरे आणण्याचे काम अजून चालू आहे आणि चेतक-चीताही अजून उडत आहेत. त्या बायकांची हकीकत वाचली तेव्हा मला माझी चूक कळली. मी मुलाला 'जाऊ नको' म्हणत बसले होते. विचारायचे होते ते असे, की तू ज्यात बसतोस ते यंत्र कसे आहे, त्याची देखभाल कशी होते, आणि ते बदलणार केव्हा? आईचा धाक मुलाला घालण्याऐवजी तो जिथे घालायला हवा तिथे घातला पाहिजे.

आता शेवटचा भाग. आणि खरे म्हणजे त्याच्यासाठीच मी आज उभी राहिले.

माझ्या पुतण्याची मुलगी दहावीत आहे. तिची आई आज या सभेत बसली आहे आणि तिला विचारूनच मी हे बोलत आहे. मुलगी मला म्हणाली, "आजी, मला काकासारखे करायचे आहे. आधी पायदळ, मग हेलिकॉप्टर." मी हसले नाही. मी माहिती काढली.

त्यातली अर्धी गोष्ट तिला आज करता येत नाही. आपल्या लष्करात पायदळ आणि रणगाडा दल आजमितीस स्त्रियांना खुले नाही. हे योग्य की अयोग्य, यावर वाद आहे. तो आज मी काढत नाही. पण उरलेली अर्धी गोष्ट, म्हणजे हेलिकॉप्टर, तिला करता येते.

वायुदलात स्त्रिया १९९४ पासून वैमानिक आहेत. कारगिलच्या वेळी गुंजन सक्सेना आणि श्रीविद्या राजन या दोघींनी चीता हेलिकॉप्टर युद्धक्षेत्रात चालवले. लष्कराच्या हेलिकॉप्टरांना मात्र आणखी बराच उशीर लागला. २०२१ साली पंधरा महिला अधिकाऱ्यांनी नावे दिली. चाचणी आणि वैद्यकीय तपासणीतून दोघीच निवडल्या गेल्या. आणि २५ मे २०२२ रोजी नाशिकच्या त्याच शाळेत ज्यांना पंख मिळाले, त्यांत कॅप्टन अभिलाषा बराक होत्या. लष्कराच्या हवाई दलातल्या त्या पहिल्या महिला लढाऊ वैमानिक. त्या हरियाणाच्या, आधी लष्कराच्या हवाई संरक्षण दलात होत्या.

त्यांची एक हकीकत मी वाचली आणि अंगावर काटा आला. त्यांचे वडील लष्करात होते. १९८७ साली सियाचिनमध्ये गस्तीची तुकडी नेत असता ते फार आजारी पडले आणि त्यांना वेळेवर खाली आणले गेले, म्हणून वाचले. आपल्या वडिलांचे प्राण लष्कराच्या हवाई दलामुळे राहिले, असे त्यांनी स्वतः सांगितले आहे. माझ्या मुलाने ज्या पोराची उशी धरली होती, त्याच जागी एके काळी त्या मुलीचे वडील होते. कोण कोणासाठी उडायला शिकतो, हे आधी कोणाला कळते?

त्याच वर्षी जुलैत कडबनवाडीला ते विमान पडले होते. मी ते पाहून "मुलांनी उडू नये" असा अर्थ घेतला. खरा अर्थ असा होता, की बावीस वर्षांची मुलगी एकटी आकाशात होती, संकट आले आणि ती जिवंत परतली. माझ्या शेजारच्या जाऊबाईंना ते लगेच दिसले. मला दिसायला काही वर्षे लागली.

आता उपयोगाच्या गोष्टी सांगते. ज्यांच्या घरी मुले-मुली आहेत त्यांनी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली. आपल्या लष्करात हेलिकॉप्टर चालवणारा बहुधा अधिकारी असतो. तेव्हा वाट अधिकारी होण्यापासून सुरू होते. आपल्या पुणे जिल्ह्यात खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर तिचे दार मुलींना उघडले आणि ३० मे २०२५ रोजी सतरा मुलींची पहिली तुकडी तिथून उत्तीर्ण होऊन बाहेर पडली. बारावीच्या वयातच तिची परीक्षा द्यावी लागते.

दुसरी. बारावीत राहून गेले तरी पदवीनंतर आणखी वाटा आहेत, आणि चेन्नईच्या अकादमीत मुलींना प्रशिक्षण मिळते. लोकसेवा आयोगाच्या या परीक्षांना मुलींकडून फी घेत नाहीत. म्हणजे 'पैसे नाहीत' ही सबब अर्ज भरण्यापुरती तरी चालत नाही.

तिसरी गोष्ट मुलांसाठी. जो मुलगा साधा जवान म्हणून पलटणीत भरती झाला, त्यालाही दरवाजा बंद नाही. बारावी झालेला, वयाच्या मर्यादेत असलेला जवान नोकरीत राहून परीक्षा देऊ शकतो आणि डेहराडूनच्या आर्मी कॅडेट कॉलेजातून अधिकारी होऊ शकतो. पुढे स्वेच्छेने हवाई दलाकडे अर्ज करू शकतो. वाट लांबची आहे, चढाची आहे, पण आहे. तेव्हा भरतीला पळणाऱ्या पोराला पुस्तके माळ्यावर टाकू देऊ नका.

चौथी. दहावीनंतर गणित आणि भौतिकशास्त्र सोडू देऊ नका. डोळ्यांची काळजी घ्या. आणि राष्ट्रीय छात्रसेनेच्या शिबिराला मुलीला पाठवा.

हे शेवटचे मी मुद्दाम म्हणते, कारण आमच्याच घरात ते अडले आहे. शिबिर दहा दिवसांचे; मुलगी बाहेर राहणार म्हणून तिच्या वडिलांनी सही केली नाही. मुलगी दोन दिवस जेवली नाही. मला बोलता आले असते. मी घरातली वडीलधारी आहे. पण मी गप्प राहिले. मुलाला एकदा 'नाही' म्हणून मी अडवले होते, आणि मुलीच्या वेळी काहीच न बोलता अडवले. गप्प राहणे हाही नकारच असतो. आज चारचौघींत सांगते, पुढच्या शिबिराचा कागद आला की पुतण्याला समोर बसवून मी बोलेन. तो नाही म्हणाला तर पुन्हा बोलेन.

आणि मंडळापुढे एक सूचना ठेवते. आपल्या मंडळाची खोली संध्याकाळी रिकामी असते. तिथे आठवी ते बारावीच्या मुलींसाठी गणिताचा आणि विज्ञानाचा वर्ग काढू या. गणित शिकवण्याचे काम दहावीपर्यंत मी पत्करते. पुढचे शिकवणारी कोणी पदवीधर सून आपल्यात निश्चित आहे, तिने हात वर करावा. मंडळाच्या निधीतून थोडी रक्कम मुलींना निवडीच्या मुलाखतीला जाण्याच्या प्रवासासाठी बाजूला ठेवावी. यातून एक तरी वैमानिक निघेल असे वचन मी देत नाही. बहुतेक मुली चाचणीत राहतील. पंधरांतून दोघी निवडल्या गेल्या हे मघाशीच सांगितले. पण ज्या राहतील त्यांचे गणित तरी त्यांच्याजवळ राहील.

माझा मुलगा आज कुठे आहे हे मला ठाऊक नाही. ते विचारायचे नसते. कधी तरी त्याचा फोन येतो. पूर्वी मी पहिल्यांदा विचारत असे, "सुखरूप आहेस ना?" आता मी विचारते, "आज कोणाला आणलेस का?" तो कधी हो म्हणतो, कधी नाही. हो म्हणाला की मी देवापुढे दिवा लावते. तो दिवा माझ्या मुलासाठी असतो, आणि ज्याला खाली आणले त्याच्या आईसाठीही असतो. तिला माझे नाव माहीत नाही आणि मला तिचे. पण त्या दोन मिनिटांपुरते आमचे नाते जुळलेले असते.

 वर्गाच्या सूचनेचा विचार आजच्याच सभेत व्हावा, अशी अध्यक्षाबाईंना विनंती करून मी माझे बोलणे संपवते.